ड्रायस ऑक्टोपेटाला: चटई मध्येच तपकिरी का पडते आणि फुलं का रुसतात

प्रश्न थोडक्यात असा. एडिनबरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने तीन वर्षांपूर्वी ९ सेंमी कुंडीतलं ड्रायस ऑक्टोपेटालाचं रोप घरामागच्या चिकणमातीत, चार दगड मांडून केलेल्या रॉक गार्डनमध्ये लावलं. आता त्याची साधारण ४० सेंमी रुंद चटई झाली आहे. पण मधला भाग तपकिरी दिसतो, यंदा फुलं आली ती तीनच, आणि टोमॅटोचं खत देऊनही काही फरक पडला नाही. रोप उपटून नवीन लावावं का, याचीच आणखी रोपं कशी करावीत, आणि आईला पुण्याला एखादं नेता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

उपटू नका. तीन वर्षांत ४० सेंमी पसरलेलं ड्रायस आजारी नसतं. हे झाड जमिनीवर सरपटतं म्हणून आपण त्याला नाजूक समजतो, पण मुळात ते लाकडी खोडाचं झुडूप आहे, फक्त १० सेंमी उंचीचं. आर्क्टिकमध्ये खोडाच्या वलयांवरून शंभरीच्या आसपास पोहोचलेली झुडपं आढळली आहेत. अशा झाडाची जुनी मुळं उखडली तर ती पुन्हा सहसा धरत नाहीत, त्यामुळे 'उपटून दुसरीकडे लावणं' हा उपाय इथे रोगापेक्षा वाईट.

आधी तपकिरी म्हणजे नेमकं काय ते बघा. ड्रायसची जुनी पानं गळून पडत नाहीत, वाळून फांदीलाच चिकटून राहतात, तीही कित्येक वर्षं. चटईच्या मधली एक फांदी दोन बोटांनी अलगद वर उचला. टोकाला पाच-सहा हिरवी पानं दिसतील: दीड-दोन सेंमी लांब, कडा कातरलेल्या आणि किंचित आत वळलेल्या, वरून गडद चकचकीत, उलटं केलं की पांढऱ्या दाट लवीने माखलेलं पान. त्याखाली दोन-तीन सेंमीपर्यंत करड्या-तपकिरी वाळक्या पानांचा झुबका, आणि त्याच्याही खाली काळपट, पेन्सिलीपेक्षा बारीक फांदी. हे दृश्य पूर्णपणे निरोगी झाडाचं आहे. हिवाळ्यानंतर, मार्चच्या सुमाराला, वरची हिरवी पानंही थोडी तांबूस झालेली असतात, तेव्हा ही वाळकी पानं जास्तच नजरेत भरतात आणि माणूस घाबरतो. मेच्या मध्यापर्यंत नवी पानं वर आली की चित्र बदलतं.

शंका असेल तर नखाने फांदीची साल जराशी खरवडा. खाली हिरवट आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. कोरडी, एकसारखी तपकिरी दिसली आणि वाकवल्यावर कट्कन मोडली तर ती गेली. चटईत वेगवेगळ्या ठिकाणच्या आठ-दहा फांद्या अशा तपासा आणि मेलेल्या फांद्या कुठे आहेत ते लक्षात ठेवा, कारण दुखणं कशामुळे आहे हे जागेवरूनच कळतं. बरोबर मध्यावर, बुंध्याभोवती गोल भाग मेला असेल तर बुंध्याशी पाणी किंवा माती साचते आहे. एका बाजूचा पट्टा मेला असेल तर त्या बाजूला शेजारचं झाड वर चढून सावली करतंय, किंवा शरद ऋतूत पडलेला पाला तिथे महिनोन् महिने ओला पडून राहिला. कडेला बशीएवढा गोल पिवळा डाग आणि भोवती पानं करपलेली असतील तर मांजराला किंवा कुत्र्याला ती जागा आवडलेली आहे. तो डाग दिसल्याबरोबर बादलीभर पाणी ओतून धुवावा, नंतर ओतून उपयोग नाही. आणि अख्खी चटईच एकदम मलूल झाली असेल, तर खाली मुळांशी अळी आहे का ते बघावं लागेल, त्याबद्दल पुढे.

तुमच्या वर्णनावरून पहिलं कारण सर्वांत संभाव्य वाटतं: चिकणमाती, सपाट जागा, आणि वरून खताचं पाणी. हे का बाधतं ते समजायला ड्रायस मुळात कुठे राहतं ते बघायला हवं.

बर्फाची नदी मागे सरकली की जी उघडी खडी आणि दगडांचा चुरा मागे राहतो, तिथे सर्वांत आधी येणाऱ्या झाडांपैकी हे एक. आल्प्सच्या चुनखडीच्या उतारांवर, आइसलँडच्या वाऱ्याने झोडपलेल्या खडीच्या माळांवर, आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर ते आहे. आइसलँडचं तर ते राष्ट्रीय फूलच. तुमच्यापासून फार लांब जायलाही नको: स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला डरनेसजवळ ते समुद्रसपाटीच्या आसपास वाढतं, इंग्लंडात अप्पर टीसडेलमध्ये आहे, आणि आयर्लंडच्या पश्चिमेला बरनच्या चुनखडीच्या फरसबंद पठारावर तर मेमध्ये हजारोंनी फुलतं. म्हणजे त्याला उंची लागत नाही, बर्फही लागत नाही. त्याला लागतं ते उघडं आकाश, पाणी झटकन निघून जाणारी जमीन आणि स्पर्धेचा अभाव. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी युरोपात थंडीची जी शेवटची मोठी लाट आली, तिला भूशास्त्रज्ञ 'यंगर ड्रायस' म्हणतात, कारण त्या काळात तळ्यांच्या तळाशी साचलेल्या गाळात याच झाडाची पानं सापडतात. पुढे हवा उबदार झाली, बर्च आणि पाइन आले, सावली पडली, आणि मैदानातून ड्रायस नाहीसं झालं. थंडीत तगलेलं झाड सावलीने हटवलं. बागेतही तेच होतं.

दुसरी गोष्ट मुळांची. ओक, बीच, पाइन अशा मोठ्या झाडांच्या मुळांवर बुरशीचं जे आवरण असतं, तशाच एक्टोमायकोरायझा प्रकारच्या बुरशीशी ड्रायसचं सख्य असतं. एवढ्याशा झुडपात ही गोष्ट विरळाच. खडीतलं जे काही तुटपुंजं अन्न असेल ते ही बुरशी गोळा करून मुळांना देते. तुम्ही वरून आयतं नत्र आणि स्फुरद ओतलं की झाडाला तिची गरज उरत नाही. झाड पानांवर भर देतं, फांद्या लांब आणि मऊ होतात, चटईची वीण सैल पडते आणि त्या सैल, ओल्या गचपणात मधला भाग कुजायला लागतो. म्हणून जमिनीत लावलेल्या ड्रायसला खत द्यायचं नाही. टोमॅटोचं तर नाहीच. त्यात पालाश जास्त असतं हे खरं, पण नत्रही असतंच. मातीतून ओतायची बुरशीनाशकंही याच कारणाने टाळा.

आता असलेली चटई दुरुस्त कशी करायची. काम मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, नवी पालवी फुटायच्या जरा आधी करा. मेलेल्या ठरलेल्या फांद्या धारदार छोट्या कात्रीने बुंध्यालगत कापून काढा. ओढून काढू नका, शेजारच्या जिवंत फांद्यांची बारीक मुळं सुटतात. वाळकी पानं सगळी ओरबाडत बसायची गरज नाही. फक्त आत अडकलेला परका पाला, शेवाळ आणि तण काढा. मग बुंध्याभोवतीची माती बोटाने उकरून बघा. बुंधा मातीत बुडालेला असेल, म्हणजे फांद्या जिथून फुटतात तो भाग मातीखाली गेला असेल, तर तेवढी माती जुन्या चमच्याने हळूहळू काढा, अगदी २-३ सेंमीसुद्धा चालेल, आणि त्या जागी ४ ते ६ मिमीची टोकदार खडी भरा.

यानंतरचं काम सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच बहुतेक जण करत नाहीत. दोन भाग बारीक खडी आणि एक भाग चाळलेलं पानांचं कुजलेलं खत असं कोरडं मिश्रण करा. उघड्या पडलेल्या लाकडी फांद्यांवर ते मुठीने पसरा आणि बोटांनी फांद्यांच्या मधे दाबून बसवा, हिरवी टोकं मात्र वर मोकळी राहू द्या. एका वेळी १ ते दीड सेंमीपेक्षा जास्त नको. वरून झारीने बारीक पाणी द्या म्हणजे मिश्रण खाली बसेल. फांद्या या ओलसर खडीत नवीन मुळं धरतात, आणि प्रत्येक फांदीला स्वतःची मुळं मिळाली की ती बुंध्यावर अवलंबून राहत नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा एक थर. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत मधली पोकळी बऱ्यापैकी भरून येते. डोंगरात उतारावरून घरंगळणारी खडी हेच काम फुकट करते.

पान नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत छाटून 'तिथून फुटेल' अशी आशा धरू नका. ड्रायस जुन्या लाकडातून फुटेलच याचा भरवसा नाही. छाटणी करायचीच असेल तर पायवाटेवर आलेल्या कडा फुलं संपल्यावर, जूनअखेरपर्यंत, हिरव्या भागातच कापा.

हे सगळं करूनही खाली चिकणमाती तशीच राहिली तर दुखणं परत येईल. एक चाचणी करा: चटईपासून फूटभर अंतरावर ३० सेंमी खोल, तेवढाच रुंद खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत गेलं तर जमीन चालेल, चटईच्या भोवती खडी घालत राहा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर या जागेवर जीव टाकू नका. आहे ती चटई शक्य तितकी जगवा, तिच्यापासून रोपं तयार करा आणि त्यांच्यासाठी उंच गादीवाफा बांधा.

गादीवाफ्याचं माप: २ मीटर लांब, १ मीटर रुंद, ३० सेंमी उंच. म्हणजे ६०० लिटर भरणा. मिश्रण बसतं, म्हणून ६८० लिटरच्या हिशोबाने सामान आणा. दोन भाग खडी, एक भाग पोयटा माती, एक भाग पानांचं कुजलेलं खत. पोयटा मिळाला नाही तर जॉन इन्स नंबर २ हे तयार मिश्रण चालतं. त्यात बारा भागांपैकी सात भाग पोयटा असतो, मात्र मग पानांचं खत अर्ध्यावर आणा. ६०० लिटरमध्ये ३०० लिटर खडी म्हणजे वजनाने साधारण ४५० किलो होते, तेव्हा वीस किलोच्या पिशव्या गाडीत घालून आणण्यापेक्षा मोठी गोणी घरपोच मागवा, कंबर वाचेल. खडी धुतलेली आणि टोकदार हवी. गोल गोटे एकमेकांवर घसरतात आणि मधे पोकळी धरत नाहीत. बांधकामाची पिवळी मऊ वाळू तर कधीच नको: तिचे कण इतके बारीक असतात की चिकणमातीबरोबर तिची जवळजवळ वीट तयार होते.

तळाला दगड-विटांचा 'निचऱ्याचा थर' घालायची पद्धत सगळीकडे सांगितली जाते. ती घालू नका. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही; वरची माती पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे ओला पट्टा खाली जाण्याऐवजी मुळांच्या जवळ येतो. त्यापेक्षा खालची चिकणमाती फावड्याने २० सेंमी खोल खणून सैल करा, तिच्यातच थोडी खडी मिसळा, आणि वाफ्याला दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे हलका उतार द्या, मीटरला १५-२० सेंमी. वाफ्याच्या भिंतीत सर्वांत खालच्या ओळीत सांधे न भरता मोकळे सोडा.

दगड मांडताना त्यांचा तिसरा हिस्सा तरी मातीत गेला पाहिजे, आणि किंचित मागे कललेला, म्हणजे पावसाचं पाणी दगडावरून वाहत आत मुळांकडे जातं. मातीवर नुसते ठेवलेले दगड ड्रायसच्या काही कामाचे नाहीत. त्याची मुळं दगडाच्या खाली शिरतात, कारण तिथे उन्हाळ्यात ओल टिकते आणि माती थंड राहते.

चुन्याबद्दल बराच गोंधळ असतो. निसर्गात ड्रायस बहुतेक चुनखडीवर किंवा चुना असलेल्या खडकावर दिसतं, पण बागेत मातीचा सामू (pH) ६.५ ते ८ च्या दरम्यान असला की ते खूश असतं. वरून २-३ सेंमी जाडीचं चुनखडीच्या खडीचं आच्छादन घातलं की पुरे. २ चौरस मीटरला साधारण ५० लिटर, म्हणजे वीस किलोच्या चार पिशव्या. रोडोडेंड्रॉन किंवा हीदरसाठी मिळणारं आम्लधर्मी मिश्रण मात्र अजिबात वापरू नका.

रोप लावताना कुंडीतल्या मिश्रणाकडे नीट बघा. नर्सरीतली बहुतेक रोपं पीट किंवा कॉयरसारख्या हलक्या मिश्रणात असतात. हा गोळा तसाच्या तसा खडीच्या वाफ्यात बसवला तर आजूबाजूची जमीन कोरडी होते तेव्हा तो आक्रसतो, एकदा पूर्ण वाळला की पाणी आत घेत नाही, वरून वाहून जातं. भोवती ओल आणि मुळांशी दुष्काळ. नवीन लावलेली रोपं पहिल्याच उन्हाळ्यात जातात त्याचं हे नेहमीचं कारण, आणि दोष बिचाऱ्या थंडीवर येतो. पण ड्रायसची मुळं पूर्ण उघडी करणंही चालत नाही. म्हणून मधला मार्ग: कुंडी तासभर पाण्यात बुडवून ठेवा, मग गोळ्याच्या बाहेरचं १ ते २ सेंमी मिश्रण बोटांनी हलकेच झटकून काढा, मूळ एकही तोडू नका, आणि मोकळी झालेली मुळं खड्ड्यात बाहेरच्या दिशेने पसरून वाफ्याचंच मिश्रण भरा. गोळ्याचा माथा आजूबाजूच्या मातीपेक्षा १ सेंमी वर राहू द्या. ती उंची नंतर खडीने झाकली जाते. दोन-तीन लिटर पाणी सावकाश द्या. एडिनबरात लावणीला एप्रिलचा उत्तरार्ध ते मे उत्तम. सप्टेंबरची सुरुवातही चालेल, पण त्यानंतर लावलेली रोपं हिवाळ्यातल्या गोठण्या-वितळण्यात जमिनीतून वर ढकलली जातात. तसं झालेलं दिसलं तर टाचेने दाबू नका, हाताने बसवा आणि भोवती खडी भरा.

पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल त्या आठवड्यात एकदा रोपाला चार-पाच लिटर पाणी. दुसऱ्या वर्षापासून सलग तीन आठवडे कोरडे गेले तरच. रोज झारीने पानांवर शिंपडणं बंद करा. त्याने शेवाळ वाढतं, मुळं मात्र वर वर राहतात.

फुलांचं आता. तीन वर्षांच्या झाडाला तीन फुलं हे लाजिरवाणं नाही. ड्रायस आधी मुळं आणि चटई करतं, भरघोस फुलं चौथ्या-पाचव्या वर्षापासून. त्यानंतरही येत नसतील तर दोनच गोष्टी तपासायच्या. एक, ऊन: मे-जूनमध्ये किमान सहा तास थेट ऊन हवं. आठ पाकळ्यांचं ते पांढरं, ३ सेंमीचं फूल वाडग्याच्या आकाराचं असतं आणि दिवसभर सूर्याच्या मागे फिरतं. पाकळ्यांवरून परावर्तित झालेली ऊब मधल्या पिवळ्या केसरांवर पडते, तिथलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश जास्त होतं, त्याने माश्या येऊन बसतात आणि बीही लवकर पिकतं. एवढी सगळी यंत्रणा उन्हासाठी असलेलं झाड कुंपणाच्या सावलीत फुलायचं नाही. दुसरी गोष्ट, छाटणीची वेळ: पुढच्या वर्षाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या शेवटी टोकांमध्ये तयार होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 'नीटनेटकं' म्हणून वरवर कात्री फिरवली की पुढच्या मेची फुलं तिथेच संपली.

फुलं सुकली की देठ कापू नका. फुलाच्या जागी रेशमी तंतूंचा पिळलेला शेंडा येतो, तो पुढे उलगडून पिसासारखा फुलतो, आणि कोवळ्या उन्हात हे झुपके फुलांपेक्षाही देखणे दिसतात.

किडींमध्ये खरी धास्ती एकाच गोष्टीची: व्हाइन वीव्हिल, म्हणजे सोंडकिडा. मोठा किडा रात्री पानांच्या कडा खातो, ते नुकसान किरकोळ. त्याच्या पांढऱ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या मुळं खातात, आणि कुंडीतलं झाड एका हिवाळ्यात संपवतात. वर पाणी असूनही चटई मलूल दिसली आणि हलकेच ओढल्यावर हातात आली तर हेच. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात स्टाइनरनेमा क्राउसाय या सूत्रकृमींचं पाकीट पाण्यात मिसळून ओतावं. हे सूत्रकृमी ५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या मातीतही काम करतात, म्हणून स्कॉटलंडला हेच सोयीचे. माती आधी ओली करा, नंतरही दोन आठवडे कोरडी पडू देऊ नका. बिनशंखी गोगलगायींचा त्रास फक्त कोवळ्या रोपांना.

तणांमध्ये पर्लवर्ट हे बारीक, शेवाळासारखं दिसणारं तण चटईत शिरलं की डोकेदुखी होते. दिसलं की लगेच, बी धरायच्या आत, जुन्या काट्याच्या चमच्याने मुळासकट काढा. तणनाशक इथे चालत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चटईवर जाळी अंथरून ठेवली आणि आठवड्याला पाला झटकून टाकला की वर्षाचं निम्मं काम झालं. बर्फाची काळजी करू नका, काचेचं छप्परही नको.

आता रोपं. सर्वांत सोपा मार्ग दाब कलमाचा, आणि तुमची ४० सेंमीची चटई त्यासाठी अगदी योग्य वयाची आहे. मेमध्ये चटईची कड उचलून बघा, काही फांद्यांना खालून पांढरी बारीक मुळं आलेली दिसतील. अशी किंवा आली नसतील तर कुठलीही सशक्त फांदी निवडा, मधल्या ५ सेंमी भागातली वाळकी पानं काढा, खाली खडी आणि पानांच्या खताचं मिश्रण घाला, तारेच्या आकड्याने दाबा आणि वर एक चपटा दगड ठेवा. सप्टेंबरमध्ये फांदी मूळ झाडापासून कापा, पण तिथेच राहू द्या. पुढच्या एप्रिलमध्ये भोवतालच्या मातीसकट उचलून ९ सेंमीच्या कुंडीत लावा. भोवतालची माती मुद्दाम घ्यायची, कारण तिच्यातूनच मुळांची बुरशी नव्या कुंडीत येते.

छाट कलमं जुलै-ऑगस्टमध्ये. यंदाच्या वाढीचे, फूल नसलेले ४ ते ६ सेंमीचे शेंडे घ्या, तळाशी जुन्या लाकडाची छोटी टाच आली तर उत्तम. खालची अर्धी पानं काढा, रूटिंग हार्मोनची पूड लावा, आणि भरड वाळू व परलाइट निम्मी-निम्मी अशा मिश्रणात खोवा. वर प्लास्टिकचं झाकण, जागा सावलीची पण उजेडाची. दर दोन-तीन दिवसांनी झाकण उघडून घाम पुसा. सहा-आठ आठवड्यांत काहींना मुळं येतात, काही हिवाळाभर नुसती हिरवी बसून राहतात आणि वसंतात मुळं धरतात. हिरवी आहेत तोवर फेकू नका. लावलेल्यांपैकी निम्मी लागली तर हात चांगला म्हणायचा.

बियांमधून करायचं तर पिसं कोरडी होऊन हलक्या ओढीने सुटायला लागली की गोळा करा. एकच झाड असेल तर पोकळ बिया बऱ्याच निघतात; पिसाच्या तळाशी नखाने दाबून बघा, भरीव लागली तीच घ्या. पिसं कात्रीने कापून टाका, नाहीतर बी मातीला टेकत नाही. लगेच पेरा, वर ३-५ मिमी बारीक खडी, आणि कुंडी बाहेर थंडीत सोडून द्या. घाई असेल तर ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये मिसळून फ्रिजमध्ये ४ अंशाला सहा आठवडे ठेवा, मग १५-१८ अंशाला आणा. काही बिया दुसऱ्या वसंतात उगवतात, म्हणून कुंडी दोन वर्षं सांभाळा. बियाणं हवं असेल तर १९३३ पासून काम करणारा स्कॉटिश रॉक गार्डन क्लब तुमच्या दारातच आहे. सभासदांमध्ये दर हिवाळ्यात बियाण्यांची देवाणघेवाण होते. डोंगरातून रोप उपटून आणू नका: १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप उपटणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, शिवाय ते रोप जगतही नाही.

दुसरं रोप विकत घेणार असाल तर जागा लहान असल्यास 'मायनर' हा बुटका प्रकार घ्या. चटई लवकर भरून हवी असेल तर ड्रायस झ्युंडरमानी हा संकर जास्त जोमाने वाढतो; कळ्या फिकट पिवळ्या, फुलं उमलल्यावर दुधी आणि जराशी खाली झुकलेली. त्याचा एक पालक ड्रमंडी, तो पिवळ्या, पूर्ण न उमलणाऱ्या फुलांचा. अलास्कात ग्लेशियर बेच्या खडीवर मुळांच्या गाठींतून हवेतलं नत्र बांधणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे, पण बागेत फुलासाठी लावावा असा नाही. शेजारी निळ्या फुलांचं जेन्शियाना व्हर्ना लावा. बरन आणि टीसडेलमध्ये ही दोन्ही एकत्रच वाढतात आणि निळं-पांढरं एकाच वेळी फुलतं. ऑब्रिएटा आणि सेरॅस्टियम ही जोमाने पसरणारी झाडं मात्र किमान मीटरभर लांब ठेवा, दोन वर्षांत ड्रायसच्या अंगावर चढतात.

राहिला पुण्याचा प्रश्न. नाही जमणार. परदेशातून रोप किंवा बी नेताना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि भारताच्या २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो, सामानात टाकून नेता येत नाही. ते सोपस्कार केले तरी पुण्याच्या उन्हाळ्यातल्या उष्ण रात्री झाडाला मारतील: दिवसा कमावलेलं अन्न रात्रीच्या श्वसनातच संपतं, आणि कळी फुटायला लागणारी दीर्घ थंडी तिथे मिळतच नाही. महाबळेश्वर थंड म्हणून सुचवाल, तर तिथे वर्षाला ५,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, तोही ड्रायसला उबदारच वाटणाऱ्या हवेत. बुंधा जुलैतच कुजेल. आईला गच्चीवर दगडांत पसरणारी, उन्हात फुलणारी चटई हवी असेल तर ऑफिस टाइम लावा. त्यालाही निचऱ्याची खडीमिश्रित माती आणि कमी खत लागतं, काड्या तोडून खोवल्या की लागतात, आणि पावसाळ्यात कुंड्या पत्र्याखाली सरकवल्या की सडत नाहीत.